घरपोच आरोग्यसेवा आणि ज्येष्ठांचे हक्क

वृद्धापकाळातला बहुतेक उपचार रुग्णालयाबाहेर होतो. रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या उपकेंद्रातून मिळतात, लकव्यानंतरचा व्यायाम फिजिओथेरपिस्ट घरी येऊन करून घेतो, लघवीची नळी परिचारिका घरीच बदलते, अंघोळ घालणे आणि भरवणे ही कामे माणसे पुरवणाऱ्या ब्युरोतून आलेली मावशी करते आणि गावात या साऱ्याची पहिली नोंद आशाताईच्या वहीत होते. या सर्वांना मिळून सामुदायिक आरोग्यसेवा म्हटले जाते. ती सरकारी असते तशी खासगीही असते. मोफत असते तशी महिन्याला घसघशीत पगार मोजून घेतलेलीही असते. ती घेणाऱ्या वृद्ध माणसाला कोणते हक्क आहेत, ते कोणत्या कायद्यांत आहेत आणि प्रत्यक्षात कुठवर पोचतात, हा या आढाव्याचा विषय आहे. भारतात, आणि त्यातही महाराष्ट्रात, या प्रश्नाचे उत्तर तुकड्यातुकड्यांनीच द्यावे लागते. रुग्णाचे हक्क म्हणून जे काही लिहिले गेले ते मुख्यतः रुग्णालय डोळ्यांसमोर ठेवून लिहिले गेले आहे.

२०११ च्या जनगणनेत देशात साठी ओलांडलेल्यांची संख्या १० कोटी ३८ लाखांच्या आसपास होती. महाराष्ट्रात ती १ कोटी ११ लाख, म्हणजे लोकसंख्येच्या जवळपास दहा टक्के होती. २०५० पर्यंत देशातला दर पाचवा माणूस साठीच्या पुढचा असेल, असा संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा अंदाज आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये वृद्धत्वाची देशव्यापी पाहणी केली. तिच्यात साठीपुढच्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना किमान एक दीर्घकालीन आजार आढळला. अंघोळ, कपडे घालणे, अंथरुणातून उठणे, शौचाला जाणे यांपैकी एखाद्या तरी कामात अडचण येणाऱ्यांचे प्रमाण जवळपास एक चतुर्थांश होते. याच पाहणीच्या आधाराने झालेल्या अभ्यासानुसार देशातल्या सुमारे ८८ लाख वृद्धांना स्मृतिभ्रंश आहे. इतक्या लोकांना रुग्णालयात ठेवता येणार नाही आणि त्यांना तिथे ठेवण्याचे कारणही नाही. त्यांची काळजी घरात आणि गल्लीतच घेतली जाणार. म्हणून हक्कांचा हिशेबही तिथेच लागला पाहिजे.

हक्कांचे आधार

राज्यघटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्कात आरोग्याचा समावेश होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. ४१ वा अनुच्छेद वार्धक्यात आणि आजारपणात सरकारने साहाय्य करावे, असे सांगतो. मात्र तो मार्गदर्शक तत्त्वांतला असल्यामुळे त्याच्या जोरावर थेट दावा लावता येत नाही. माजी कायदामंत्री अश्वनी कुमार यांच्या याचिकेवर १३ डिसेंबर २०१८ रोजी दिलेल्या निकालात न्यायालयाने या दोहोंची सांगड घातली. वृद्धांचे सन्मानाने जगणे, निवारा आणि आरोग्य यांचे रक्षण करणे ही राज्यसंस्थेची जबाबदारी आहे, असे त्या निकालात म्हटले आहे.

‘आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७’ हा वृद्धांसाठीचा मुख्य कायदा आहे. त्याचे २० वे कलम वैद्यकीय साहाय्याचे आहे. सरकारी रुग्णालयांत ज्येष्ठांना शक्य तितक्या खाटा, स्वतंत्र रांग, दीर्घकालीन व असाध्य आजारांवरच्या उपचारांची वाढती सोय आणि जिल्हा रुग्णालयात वृद्धांच्या आजारांचा अनुभव असलेल्या अधिकाऱ्याच्या हाताखाली खास व्यवस्था, अशी त्याची मांडणी आहे. यात रांग आहे, खाट आहे, जिल्हा रुग्णालय आहे. घर मात्र कुठेच नाही. जो माणूस रांगेत उभाच राहू शकत नाही, त्याला स्वतंत्र रांगेचा काय उपयोग, हा प्रश्न कायदा करणाऱ्यांपुढे आला नसावा.

ही पोकळी काही अंशी कार्यक्रमांनी भरून काढली. २०१०-११ पासूनच्या राष्ट्रीय वृद्ध आरोग्यसेवा कार्यक्रमात प्राथमिक आरोग्य केंद्रात ज्येष्ठांसाठी आठवड्यातून एकदा दवाखाना आणि अंथरुणाला खिळलेल्यांकडे आरोग्य कर्मचाऱ्यांच्या गृहभेटी ठरवून दिल्या आहेत. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रे झाली (आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात). तिथल्या बारा सेवांमध्ये वृद्धांची काळजी आणि परिहार सेवा, म्हणजे असाध्य आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणारे उपचार, यांना जागा मिळाली. पण कार्यक्रम म्हणजे कायदा नव्हे. गृहभेट झाली नाही तर वृद्धाला ती मागता येते. नाकारल्याबद्दल दाद कुठे मागायची, हे मात्र कोणत्याही मार्गदर्शक सूचनेत ठळकपणे लिहिलेले नाही.

रुग्णहक्कांची सर्वांत व्यवस्थित यादी राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ मध्ये तयार केली. तिच्यात सतरा हक्क होते: माहिती, कागदपत्रे, संमती, गोपनीयता, दुसऱ्या डॉक्टरचा सल्ला, दरांची पारदर्शकता, तक्रार ऐकून घेतली जाणे वगैरे. महाराष्ट्राने जानेवारी २०२१ मध्ये शुश्रूषागृह नोंदणी नियमांत दुरुस्ती करून रुग्णहक्कांची सनद आणि दरपत्रक दर्शनी भागात लावणे खासगी रुग्णालयांना बंधनकारक केले. हे मोठे पाऊल होते. पण नियम शुश्रूषागृहांचे आहेत. खाटा असलेल्या जागेला ते लागू होतात, घरातल्या खाटेला होत नाहीत.

सेवा दारापर्यंत येण्याचा हक्क

घरी सेवा मिळणे ही मेहेरबानी की हक्क, या प्रश्नाचा सर्वांत स्पष्ट कस २०२१ साली मुंबईत लागला. करोनाच्या लसीकरण केंद्रांपर्यंत पोचू न शकणाऱ्या वृद्धांना आणि अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यावी, यासाठी दोन वकिलांनी मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. घरोघरी लस देता येणार नाही, अशी केंद्र सरकारची भूमिका होती. लस वाया जाईल, थंड साखळी टिकणार नाही, लस दिल्यावर अर्धा तास देखरेख कोण करणार, अशी कारणे देण्यात आली. त्याऐवजी घराजवळच्या केंद्रांचा पर्याय पुढे केला गेला. मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने हा युक्तिवाद मानला नाही. केरळसारखी राज्ये घरी जाऊन लस देत असताना महाराष्ट्राला ते का जमू नये, ही विचारणा सुनावणीत पुन्हा पुन्हा झाली. अखेर राज्य सरकार तयार झाले, जुलैअखेर मुंबई महापालिकेने अंथरुणाला खिळलेल्यांना घरी लस द्यायला सुरुवात केली आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये केंद्रानेही हालचाल न करता येणाऱ्यांसाठी अशी परवानगी दिली.

या प्रकरणाचे महत्त्व लसीपुरते नाही. ‘तांत्रिकदृष्ट्या अशक्य’ म्हणून सांगितलेली गोष्ट काही महिन्यांत शक्य झाली आणि ती न्यायालयाने लावून धरल्यामुळे झाली. हाच निकष फिजिओथेरपीला, जखमेच्या ड्रेसिंगला, रक्ततपासणीला किंवा अपंगत्वाच्या तपासणीला का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर कोणाकडे नाही. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये पार्किन्सनसारख्या आजाराचा समावेश आहे आणि त्याचे २५ वे कलम सरकारी व खासगी रुग्णालये आणि इतर आरोग्य संस्था सर्वत्र अडथळाविरहित असाव्यात असे सांगते. अंथरुणावरच्या वृद्धाला रिक्षात घालून तालुक्याच्या गावी न्यावे लागत असेल, तर तो अडथळाच आहे.

खेड्यातले चित्र वेगळे आहे आणि एका परीने बरेही. आशाताई घर ओळखते, घरातला म्हातारा तिला ओळखतो. तिच्याकडच्या तपासणी अर्जात साठीपुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: चालताना तोल जातो का, रोजच्या कामांत दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्यांची नावे विसरायला होतात का. प्रश्न नेमके आहेत. अडचण पुढची आहे. अर्ज भरून झाला, तोल जातो हे कळले, त्यानंतर कुबडी किंवा वॉकर कोण देणार? केंद्राची २०१७ ची राष्ट्रीय वयोश्री योजना आणि राज्याची २०२४ ची मुख्यमंत्री वयोश्री योजना यासाठीच आहेत. राज्याच्या योजनेत पात्र ज्येष्ठांच्या खात्यात एकदाच ३००० रुपये जमा होतात. मात्र उत्पन्नाची मर्यादा, कागदपत्रे आणि झिजलेल्या बोटांचे ठसे न घेणारे यंत्र यांतून पार पडल्यावरच हा पैसा हातात येतो.

माहिती आणि संमती

घरी आलेली परिचारिका आजींच्या पलंगाशेजारी उभी राहून सुनेला विचारते, “यांना रात्री झोप लागते का?” आजी जाग्या असतात, ऐकू शकतात, उत्तरही देऊ शकतात. हे इतके सर्रास घडते की त्यात काही चुकते आहे असे कोणाला वाटत नाही. प्रत्यक्षात संमतीच्या हक्काची पायमल्ली इथूनच सुरू होते. झोपेची गोळी वाढवायची का, नाकातून नळी घालायची का, डायपर लावायचे की धरून शौचालयात न्यायचे, हे निर्णय रुग्णाला वगळून होतात.

कायदा याबाबतीत संदिग्ध नाही. सज्ञान आणि निर्णयक्षम माणसाच्या उपचाराला त्याच्या नातेवाइकाची संमती चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली स्पष्ट केले. त्या प्रकरणात रुग्ण भुलेखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन जास्तीची शस्त्रक्रिया करण्यात आली होती. भूल उतरेपर्यंत थांबून रुग्णालाच विचारायला हवे होते, असे न्यायालयाने म्हटले. वय वाढले म्हणून निर्णयक्षमता संपत नाही. मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ तर त्याहून पुढे जातो. त्यातल्या मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मरणशक्तीच्या गंभीर बिघाडाचा उल्लेख आहे, त्यामुळे स्मृतिभ्रंशाच्या अनेक रुग्णांना त्याचे संरक्षण मिळू शकते. माणूस निर्णय घेऊ शकतो असे गृहीत धरून चालायचे, हे या कायद्याचे सूत्र आहे. समजेल अशा भाषेत, खुणांनी किंवा चित्रांनी माहिती दिल्यावर तो ती समजून घेऊन आपले मत कळवू शकत असेल, तर तो सक्षम ठरतो. आजार बळावण्याआधीच आपला प्रतिनिधी नेमण्याची आणि उपचारांबद्दल आगाऊ सूचना लिहून ठेवण्याची तरतूदही त्यात आहे.

या तरतुदींचा वापर फार कमी होतो. स्मृतिभ्रंशाचे निदान झाल्यावर पहिल्या वर्ष-दोन वर्षांत रुग्णाला बरेच काही कळत असते. त्या काळात प्रतिनिधी कोण, घरात कोणाच्या हातून काळजी हवी, पैशांचा व्यवहार कोणी बघावा, हे त्याच्याकडूनच लिहून घेता येते. बहुतेक कुटुंबांना हे डॉक्टर सांगत नाहीत. मग रुग्ण काहीच सांगू शकत नाही अशी वेळ आल्यावर बँकेच्या सहीसाठी धावाधाव सुरू होते. बेशुद्धावस्थेतल्या रुग्णासाठी पालक नेमण्याचा सरळ कायदा नसल्याने उच्च न्यायालयात रिट याचिका करावी लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत जोडीदाराची पालक म्हणून नेमणूक केली आहे; पण हायकोर्टाची पायरी चढणे किती घरांना झेपेल?

शरीर, लाज आणि सुरक्षितता

घरच्या शुश्रूषेत वृद्धाचा देह दुसऱ्याच्या हाती असतो. बाहेरचे कोणी पाहत नसते. म्हणून सन्मानाचा हक्क इथे अगदी बारीक गोष्टींत तपासावा लागतो. अंग पुसताना दार लोटले आहे का? बाईमाणसाला अंघोळ घालायला बाई आहे का? सकाळी लावलेला डायपर रात्रपाळी येईपर्यंत तसाच आहे का? कूस दर दोन तासांनी बदलली नाही, तर माकडहाडावर आधी लाली, मग फोड आणि मग हाडापर्यंत जाणारी जखम होते. ही जखम म्हातारपणामुळे होत नाही, दुर्लक्षामुळे होते. तिच्याकडे दुर्लक्षाचा पुरावा म्हणूनच पाहिले पाहिजे.

नाकातली नळी रुग्ण ओढून काढतो म्हणून त्याचे हात जुन्या ओढणीने पलंगाच्या कडेला बांधून ठेवलेले अनेक घरांत दिसतात. बांधणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. पण मानसिक आरोग्य केंद्रात एखाद्याला बांधायचे असेल तर मनोविकारतज्ज्ञाची परवानगी, दुसरा कोणताच मार्ग उरला नसल्याची खात्री आणि लेखी नोंद लागते. तोच माणूस घरी असला तर यातले काहीच लागत नाही. हातमोजे घालणे, नळीची गरज आहे का याचा फेरविचार, चमच्याने भरवण्याचा प्रयत्न, शेजारी बसून राहणारे माणूस असे पर्याय असतात. ते शिकवायला घरी कोणी येत नाही.

ब्युरोचा प्रश्न इथेच येतो. शहरांत बारा किंवा चोवीस तासांसाठी माणूस पुरवणाऱ्या संस्था गल्लोगल्ली आहेत. त्यांतली परिचारिका एएनएम किंवा जीएनएम असेल तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंद असते. तिच्या पात्रतेची खातरजमा करता येते. पण ‘केअरटेकर’, ‘आया’, ‘वॉर्डबॉय’, ‘पेशंट अटेंडंट’ या नावांनी येणाऱ्यांसाठी नोंदणी नाही, ठरलेले प्रशिक्षण नाही. ब्युरो फार तर दुकाने व आस्थापना कायद्याखाली येतो, म्हणजे कायद्याच्या नजरेत तो कपड्यांच्या दुकानासारखाच एक व्यवसाय आहे. मुळात झाडलोटीच्या कामासाठी आलेली बाई चार दिवसांनी इन्सुलिन टोचू लागते, आणि डोस चुकला तर जबाबदार कोण, हे कुठल्याच कागदावर नसते.

या व्यवस्थेत मावशीवरही अन्याय होतो, हे विसरता कामा नये. चोवीस तासांची पाळी, रुग्णाच्या खोलीतच जमिनीवर झोप, पगारातून ब्युरोचे कमिशन आणि चोरीचा पहिला संशय तिच्यावर. जिला सहा तास सलग झोप मिळत नाही, ती दर दोन तासांनी कूस कशी बदलणार? वृद्धाचा सुरक्षिततेचा हक्क आणि तिचा विश्रांतीचा हक्क एकमेकांत गुंतलेले आहेत.

कागदपत्रे आणि गोपनीयता यांबद्दल थोडक्यात. घरी येणाऱ्या प्रत्येकाने काय तपासले, कोणते औषध दिले याची नोंद घरातल्याच एका वहीत करावी आणि ती वही रुग्णाची असावी, ही साधी पद्धत बहुतेक वाद टाळते. आजाराचे फोटो कुटुंबाच्या किंवा संस्थेच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणे हा रुग्णाच्या परवानगीशिवाय करण्याचा प्रकार नव्हे.

वेदना आणि अखेरचे दिवस

वेदनाशमन हा वृद्धांच्या हक्कांतला सर्वांत उपेक्षित भाग आहे. कर्करोगाच्या शेवटच्या टप्प्यात मॉर्फिनसारखे स्वस्त औषध वेदना आटोक्यात ठेवू शकते. अमली पदार्थविरोधी कायद्यातल्या कडक अटींमुळे ते मिळणे अवघड होते. २०१४ च्या दुरुस्तीने या अटी सैल झाल्या, तरी ग्रामीण भागात त्याची उपलब्धता तुटपुंजीच राहिली.

केरळने हा प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला. कोळिकोडला १९९३ मध्ये सुरू झालेल्या परिहार सेवेच्या दवाखान्यातून पुढे शेजारपाजारच्या स्वयंसेवकांचे जाळे उभे राहिले. २००८ मध्ये राज्याने परिहार सेवेचे धोरण आखले आणि गृहभेटींची जबाबदारी स्थानिक स्वराज्य संस्थांकडे दिली. तिथे परिचारिका घरी येणे हा गावकारभाराचा भाग आहे, पाण्याच्या नळाइतकाच. महाराष्ट्रात चांगली उदाहरणे आहेत, पण ती संस्थांच्या आणि व्यक्तींच्या बळावर उभी आहेत.

अखेरच्या उपचारांबाबत ९ मार्च २०१८ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने ‘लिव्हिंग विल’ला मान्यता दिली. २४ जानेवारी २०२३ रोजी त्याची प्रक्रिया सोपी झाली: दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही पुरे. हे दस्तऐवज सांभाळण्यासाठी स्थानिक संस्थांनी अधिकारी नेमायचे आहेत. डॉ. निखिल दातार यांनी मुंबई उच्च न्यायालयात याचिका केल्यानंतर महाराष्ट्रात अशा नेमणुका झाल्या. कृत्रिम श्वास नको, घरीच अखेर व्हावी, असे वाटणाऱ्या वृद्धाला आता ते लिहून ठेवता येते.

पैसा आणि दाद

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान योजनेत वर्षाला कुटुंबामागे पाच लाख रुपयांचे संरक्षण मिळाले. योजना चांगली आहे, पण ती रुग्णालयात दाखल झालेल्यांसाठी आहे. घरची परिचारिका, डायपर, हवेची गादी, रोजच्या गोळ्या यांतले काहीच तिच्यात बसत नाही. घरात नीट काळजी घेऊन जे दुखणे वाढू दिले गेले नाही, त्यासाठी मदत नाही. वाढू दिलेले दुखणे घेऊन रुग्णालयात गेले की पाच लाख. धोरणातली ही उलटी रचना दुरुस्त झाली पाहिजे.

दाद मागण्याचे मार्ग विखुरलेले आहेत. पैसे देऊन घेतलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते, हे १९९५ पासून पक्के आहे. ब्युरोच्या सेवेतल्या त्रुटीसाठीही जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येते आणि मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही लागत नाही. सर्वांना मोफत दिली जाणारी सरकारी सेवा या कक्षेत येत नाही. मुले खर्च करत नसतील तर २००७ च्या कायद्याखाली प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे वकिलाशिवाय अर्ज करता येतो. औषधोपचाराचा खर्च निर्वाहात धरला जातो, मात्र महिन्याला १०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे. वृद्धाला वाऱ्यावर सोडणे हा २४ व्या कलमाखाली गुन्हा आहे. छळ, दुर्लक्ष किंवा माहितीसाठी १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. पण अंथरुणावरच्या माणसाच्या हाती फोन कोण देणार? ज्याच्याबद्दल तक्रार करायची तोच फोन लावून देणारा असेल, तर हेल्पलाइन त्याच्यासाठी नसल्यासारखीच आहे. म्हणून आशाताई, समुदाय आरोग्य अधिकारी किंवा ज्येष्ठ नागरिक संघाचा सदस्य यांपैकी कोणीतरी रुग्णाशी नियमितपणे एकट्याने बोलणे, ही तक्रार व्यवस्थेची पहिली अट ठरते.

ब्युरोंना कायद्याच्या कक्षेत आणण्याचा प्रयत्न एकदा झाला होता. २००७ च्या कायद्यासाठी डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची सक्तीची नोंदणी आणि किमान दर्जा यांची तरतूद होती; निर्वाहाची १०,००० ची मर्यादाही काढली जाणार होती. विधेयक स्थायी समितीकडे गेले, समितीचा अहवाल आला, पण मंजुरी मिळाली नाही आणि २०२४ मध्ये सतरावी लोकसभा विसर्जित होताच ते बाद झाले. सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे. शुश्रूषागृहांसाठी १९४९ पासूनच कायदा असलेल्या महाराष्ट्राला घरच्या शुश्रूषेसाठी दिल्लीची वाट पाहण्याची गरज नाही. ब्युरोंची नोंदणी, मावशींचे प्रशिक्षण व कामाचे तास आणि रुग्णाच्या उशाशी पोचणारी तक्रार यंत्रणा यांचा कायदा राज्याने स्वतः करावा.